जुनं शीड, छोटी होडी

डोलकाठीच्या पुढे लागणारं तिकोनी शीड, म्हणजे जिब, नवं घ्यायचं तर महाग पडतं. मोठ्या बोटीचं वापरलेलं जिब कापून छोट्या होडीला बसवता येतं. पण आधी कापड बघा. शिडाच्या डेक्रॉन कापडाला पाण्यापेक्षा ऊन जास्त खातं. शिवणीचा दोरा नखाने ओढताच तुटत असेल तर उसवून पुन्हा शिवता येईल. कापडच हाताने फाटत असेल तर ते घेऊ नका.

डोलकाठीवरून नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, उतरणाऱ्या तारेची लांबी मोजा. शीड त्याहून थोडं आखूड हवं, नाहीतर ते ताणताच येणार नाही.

आता कात्री कुठे लावायची? तारेकडच्या कडेला हलकं वळण दिलेलं असतं. शिडाचा फुगवटा बराचसा त्यावरच ठरतो, म्हणून ती कड सरळ कापणं मला अजिबात मान्य नाही. कापा खालून आणि मागून. मागची कड मात्र किंचित आत वळती ठेवा, नाहीतर वाऱ्यात ती सतत फडफडते.

कापण्याआधी जादा भाग दुमडून चिकटपट्टीने धरा आणि मंद वाऱ्यात शीड चढवून पाहा. नव्या कोपऱ्यांना कापडाचे तीन-चार थर द्या, कारण सगळा ताण तिथेच येतो. शिलाई पॉलिस्टर दोऱ्याची, नागमोडी घाला. ती कापडाबरोबर ताणली जाते.