तेल जिरते, दुखणे उरते



नरक चतुर्दशीच्या पहाटे घरातील वडीलधारी स्त्री कोमट तेलाची वाटी घेऊन बसते आणि लहानथोरांच्या अंगाला तेल लावते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटते, बाळाला न्हाऊ घालण्यापूर्वी तेलाने मर्दन होते. शेतावरून परतलेल्या सासऱ्यांचे गुडघे सून तेलाने चोळून देते. तेलाच्या या वाटीत औषधाइतकीच माया असते. म्हणूनच तिच्या मर्यादेविषयी बोलणे अवघड जाते. परंतु ते बोलणे आज आवश्यक आहे.

आधी तेलाचे श्रेय त्याला द्यावयास हवे. अभ्यंगाने त्वचा मऊ राहते, आखडलेले स्नायू सैल होतात, श्रमाने आलेला ठणका ओसरतो, झोप लागते. वातावर तेलासारखे दुसरे द्रव्य नाही, असे आयुर्वेद मानतो. नारायण तेल, बला तेल, निर्गुंडी तेल यांच्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. ती सिद्ध करण्याचीही एक शिस्त आहे. शार्ङ्गधराने घालून दिलेल्या सामान्य प्रमाणानुसार वनस्पतींचा कल्क 1 भाग, तेल 4 भाग आणि काढा किंवा दूध यांसारखा द्रव 16 भाग घेऊन मंदाग्नीवर पाक करावयाचा असतो. बाजारातील हिरवा रंग आणि उग्र वास म्हणजे सिद्ध तेल नव्हे.

आता एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. ते कोणा एकीचे नाही. अनेक घरांतील आहे. चाळिशीतील गृहिणी. सकाळी उठल्यावर बोटे वळत नाहीत, कणीक मळवत नाही, दुधाचे पातेले हातातून निसटते. तासाभराने हात थोडे मोकळे होतात आणि ती कामाला लागते. शेजारीण एक तेल सुचवते, नणंद दुसरे आणून देते. रात्री तेल लावले की बरे वाटते. पहाटे बोटे पुन्हा ताठ. सहा महिने जातात, वर्ष सरते. ‘वात आहे, वेळ लागणारच,’ असे सारे म्हणतात. ती वैद्यांकडे किंवा डॉक्टरांकडे जाते तेव्हा बोटे वाकडी झालेली असतात आणि गेलेले वर्ष परत आणण्याचा उपाय कोणत्याच शास्त्रापाशी नसतो.

या विलंबाचे खापर आयुर्वेदावर फोडणे अन्यायाचे ठरेल. उलट, शास्त्राने याच प्रसंगी स्पष्ट सावधगिरी सांगितली आहे. माधवनिदानात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आहे. सांध्यांत आम साचलेला असताना तेल चोळणे वर्ज्य मानले आहे. तेथे वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक सांगितला आहे. म्हणजे घरात ज्याला ‘वाताचे तेल’ म्हणून भक्तिभावाने चोळले जाते, ते त्या अवस्थेत शास्त्रालाच संमत नाही. नव्या ज्वरात आणि अजीर्णातही अभ्यंगाचा निषेध आहे.

ऊरुस्तंभाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. मांड्या जड व बधिर होतात, चालवत नाही. पाहणाऱ्याला वाटते, हा वातच. तेल लावले जाते आणि रोग वाढतो. दिलेल्या उपचाराने आराम पडतो की त्रास वाढतो, हेही निदानाचे एक साधन आहे, असे प्राचीनांनी मानले. त्यालाच उपशय आणि अनुपशय म्हणतात. तेलाने गुण न येणे ही रोगाने दिलेली माहिती आहे. ती ऐकण्याऐवजी आपण तेलाची बाटली बदलतो.

चरकाचार्यांनी रोगांची साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य अशी विभागणी करून वैद्याने उपचारापूर्वी हा विवेक करावा, असे सांगितले. गुल्म पिकला असता तेथे धन्वंतरी संप्रदायाच्या शल्यवेत्त्यांचा अधिकार आहे, हेही त्यांनी मोकळेपणाने नमूद केले. आपल्या विद्येची सीमा ओळखून रोग्याला दुसऱ्या जाणकाराच्या हाती सोपविणे यात त्या महर्षींना कमीपणा वाटला नाही. मग त्यांचा वारसा सांगणाऱ्यांना तो का वाटावा?

आधुनिक वैद्यक ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणते, तो आमवाताशी बराच जुळणारा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. त्यात सांध्यांची हानी पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होऊ शकते. लवकर निदान व नियमित औषधोपचार झाले तर ही हानी बऱ्याच अंशी रोखता येते. त्वचेवर लावलेले तेल वेदना काही काळ शमवील. आतील दाह थांबविणे त्याच्या आवाक्यातले नाही. वेदना दबली की रोग गेला असे वाटते, आणि घात तेथेच होतो.

तेव्हा काही खुणा घरोघरी ठाऊक असाव्यात. सांध्यांची सूज आणि सकाळचा ताठरपणा सहा आठवडे टिकला तर तपासणी टाळू नये. पाठदुखी रात्री वाढत असेल, सोबत बारीक ताप असेल, वजन उतरत असेल, तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. क्षयाची औषधे शासकीय कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात. एकाच पोटरीला अचानक सूज व दुखणे आले तर ती चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो. मधुमेह्याच्या बधिर पायाला गरम तेल वा शेक भाजू शकतो, आणि त्याला ते कळतही नाही. छातीतून डाव्या हातात उतरणारी कळ, घाम आणि धाप असेल तर तेलाच्या बाटलीकडे हात न नेता तत्काळ रुग्णालय गाठावे. बाळाच्या नाकात तेल सोडू नये. ते फुप्फुसांत उतरते. कापूर घातलेले तेल तान्ह्यापासून दूरच ठेवावे, कारण कापूर पोटात गेल्यास झटके येऊ शकतात.

जाहिरातींच्या बाबतीतही सावध राहावयास हवे. 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मधुमेह, कर्करोग, पक्षाघात, संधिवात यांसारखे रोग बरे करण्याचा दावा जाहिरातीतून करण्यास मनाई केली आहे. ‘सात दिवसांत गुडघेदुखी समूळ नष्ट’ असे सांगणाऱ्याने ना चरक वाचलेला असतो, ना कायदा.

याचा अर्थ तेलाची वाटी फेकून द्यावी असा नाही. निदान झाल्यावर, वैद्यांच्या वा डॉक्टरांच्या सल्ल्याने, ती जरूर हाती घ्यावी; मात्र तिच्या भरवशावर चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत आणि एका चिकित्सकाचे औषध दुसऱ्यापासून लपवू नये. घरातील स्त्रिया स्वतःचे दुखणे सर्वांत शेवटी बोलून दाखवितात. सासऱ्यांचे गुडघे चोळणाऱ्या त्या सुनेची स्वतःची बोटे सकाळी वळतात का, एवढे तिला कोणीतरी विचारावे. आणि वळत नसतील, तर त्याच आठवड्यात कोणीतरी तिच्यासोबत दवाखान्यात जावे.