थेंब थांबवायचे कधी?

   

आपल्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत माझा, अध्यक्षाचा, विषय 'कॉर्नियातील ऑक्सिडेटिव्ह ताण आणि जखमेचं भरून येणं : एक आढावा' असा छापलाय. तेव्हा आधी आढावा.

कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. रक्तवाहिनी एकही नाही. दिवसभर उघड्यावर असतो, अतिनील किरण शोषतो आणि ऑक्सिजन अश्रूंतून थेट हवेतला घेतो. अशा जागी ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होणारच, म्हणून निसर्गाने बंदोबस्तही तसाच ठेवलाय: सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटॅलेज, ग्लुटाथायोन. कॉर्नियाच्या मागच्या जलद्रवात क जीवनसत्त्व रक्तातल्यापेक्षा सुमारे वीसपट असतं. अल्कलीने भाजलेल्या डोळ्यात ते झपाट्याने खाली जातं आणि बाहेरून दिलं तर व्रण कमी होतात, हे फिस्टर यांनी सशांवर दाखवलं. आपल्याकडे तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून डोळा भाजलेलं मूल आलं की आपण आधी मनसोक्त पाणी मारतो, पापणी दोनदा उलटून कण काढतो आणि मग क जीवनसत्त्व देतो, ते याच कामाच्या आधारावर. उलट केराटोकोनसमध्ये आपण हेच रेणू मुद्दाम तयार करतो. रायबोफ्लेव्हिन घालून अतिनील 'ए' किरण सोडले की कोलाजेनचे धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात. ड्रेस्डेनच्या मंडळींनी २००३ मध्ये ते माणसांवर करून दाखवलं, आज जिल्ह्याच्या गावीही होतं.

आढावा इथे थांबवते. उरलेलं तुम्ही जर्नलमध्ये वाचालच. मला जे बोलायचंय ते कुठल्या जर्नलसाठी थांबलेलं नव्हतं, या माइकसाठी थांबलं होतं.

कॉर्नियाला ऑक्सिडेटिव्ह ताण देणारी सर्वांत हुकमी वस्तू कोणती? ऊन नाही, धूळ नाही, मोबाइल तर नाहीच. ती आपल्या चिठ्ठीवर असते. बेन्झाल्कोनियम क्लोराइड, थेंबांतलं प्रिझर्व्हेटिव्ह. थेंबाच्या बहुतेक बाटल्यांमध्ये ०.००४ ते ०.०२ टक्के. १९३५ साली डोमाक यांनी हे घराणं जंतुनाशक म्हणून पुढे आणलं, तेव्हा ते हात आणि हत्यारं धुवायला होतं. काम उत्तम करतं, कारण पेशीचं आवरण फोडतं. पण जंतूची पेशी आणि कॉर्नियाची पेशी यांत फरक करायचं त्याला कुणी शिकवलेलं नाही. अश्रूंवरचा तेलाचा थर ते फाडतं, पेशींच्या मायटोकॉन्ड्रियाला बिघडवतं, आणि तिथून ऑक्सिजनचे रेणू सुटतात. पॅरिसचे बोदुआं आणि त्यांचे सहकारी हे कितीतरी वर्षं सांगताहेत. आपण ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जाऊन पाच बाटल्या लिहितो.

उसाचं पातं लागलेली एक बाई माझ्याकडे आली होती. महिना उलटून गेला होता, जखम भरत नव्हती. नवऱ्याने प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. एक अँटिबायोटिक, दुसरं अँटिबायोटिक, सूज उतरवणारे थेंब, 'खबरदारी म्हणून' बुरशीचं औषध आणि कोरडेपणासाठी आणखी एक बाटली. प्रत्येक डॉक्टरने भर घातली होती, वजाबाकी कुणीच केली नव्हती. जागेपणी दर थोड्या वेळाने डोळ्यात काहीतरी पडत होतं. मी खरवडून काचपट्ट्या पाहिल्या. बुरशी नाही, जंतू नाहीत. फ्लुरोसीनने रंगवलं तर खालच्या अर्ध्या भागात भोवऱ्यासारखी नक्षी आणि जखमेच्या कडा गुंडाळलेल्या. मी सगळं बंद केलं आणि फक्त प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब ठेवले. नवरा भडकला. ''म्याडम, एवढ्या लांबनं आलो, औषध तर काढूनच घेतलंत. मग फी कशाची?'' मी म्हटलं, ''काढून घेण्याचीच.'' पुढच्या आठवड्यात जखम निम्म्याने आटली होती आणि नंतर पूर्ण भरली. तोपर्यंत नवऱ्याचाही राग उतरला होता.

यात जादू काही नाही. वरचा थर सोलला गेला की पहिले काही तास पेशी नुसत्या तयारी करतात. मग चपट्या होऊन कडेकडून सरकायला लागतात, तासाला साठ ते ऐंशी मायक्रॉन. विभाजन नंतरचं. सरकताना त्यांची पकड अगदी सैल असते. नुकतंच सारवलेलं अंगण वाळायच्या आत दर तासाला कुणी त्यावरून चालत जावं, तसे आपण त्यांच्यावर थेंब सोडतो. आणि थेंब केवढा? पापण्यांआड अश्रू असतात सातएक मायक्रोलिटर, बाटलीतून पडतो तीस ते पन्नासचा. औषध बहुतेक गालावर वाहून जातं, प्रिझर्व्हेटिव्हचा साबण मात्र प्रत्येक खेपेला पेशींना लागून जातो.

सकाळच्या चर्चासत्रात दोन गट पडले. एकांचं म्हणणं, प्रत्येक जखमेला अँटिऑक्सिडंट द्या, गोळ्या द्या, थेंब द्या. दुसरे म्हणाले, पुरावा कुठाय? दोघेही सहाव्या बाटलीबद्दल भांडत होते. पहिल्या पाच कुणी मोजल्या नाहीत. अँटिऑक्सिडंटवाल्यांना एवढंच सांगते की झेब्राफिशच्या शेपटीवर २००९ मध्ये जे दिसलं ते विसरू नका. जखमेच्या कडेला हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि तोच पांढऱ्या पेशींना बोलावणारा पहिला निरोप असतो. सरसकट सगळं विझवायला निघालात तर निरोपही पोचणार नाही.

थेंब चिठ्ठीशिवायही पडतात. आमच्याकडे फॅब्रिकेशनच्या शेडमधली पोरं चष्मा न लावता वेल्डिंग करतात. रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, पाणी वाहतं. अतिनील किरणांनी केलेलं हे ऑक्सिडेटिव्ह नुकसान कॉर्निया दिवस-दोन दिवसांत आपलं आपण निस्तरतो. पण पोरांच्या खिशात भुलीच्या थेंबांची बाटली असते. कुणीतरी काउंटरवरून काढून दिलेली. घातली की आग जाते, काम चालू राहतं, आणि पेशींचं सरकणं बंद पडतं. अशाच एका पोराच्या कॉर्नियाभोवती पांढरं कडं मी पाहिलंय. अमिबा समजून त्याच्यावर महागडा इलाज चालू होता. खिशातली बाटली काढून घेतली, तिथून सुधारणा सुरू झाली. फूल पडायचं ते पडलंच. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा होता.

आता तुमचा आक्षेप मला पाठ आहे: प्रिझर्व्हेटिव्ह नसेल तर बाटलीत जंतू वाढतील. खरं आहे. फ्लुरोसीनच्या बाटल्यांत स्यूडोमोनास वाढायचा आणि त्यातून डोळे जायचे. पण तेव्हा उपाय काय झाला? बाटलीच गेली. १९५१ मध्ये किमुरांनी कागदाची पट्टी आणली, ती आपण आजही वापरतो. आज एकेका डोसच्या कुप्या आहेत, हवा गाळून घेणाऱ्या झडपेच्या बाटल्या आहेत, मॉक्सिफ्लॉक्सॅसिनची काही उत्पादनं प्रिझर्व्हेटिव्हविना मिळतात. महाग पडतात म्हणता? त्या पिशवीतल्या बाटल्यांची बेरीज करा आणि मग बोलू.

निवासी डॉक्टरांनी मात्र याचा अर्थ भलताच घेऊ नये. काचबिंदूचे थेंब माझं नाव सांगून बंद करू नका, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला पर्याय शोधा. जंतुसंसर्ग असेल तर औषध तासाला घाला, रात्रीही घाला. मी बोलतेय ते जंतू नसलेल्या, तरीही न भरणाऱ्या जखमेबद्दल. ती समोर आली की पहिला प्रश्न 'आणखी काय घालू' असा नको.

अध्यक्षाने काही कामं जाहीर करायची प्रथा आहे. न भरणाऱ्या जखमांची एक नोंदवही ठेवू, जिल्हावार, शक्य तितकी साधी. उत्पादकांना पत्र लिहू की प्रिझर्व्हेटिव्हचं नाव आणि टक्केवारी भिंगाशिवाय वाचता येईल अशी छापा. भुलीच्या थेंबांबद्दल औषध विक्रेत्यांशी बोलू. कोण, कधी, हे कार्यकारिणीत ठरेल. कार्यकारिणीत गोष्टी कशा ठरतात तेही तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून त्यावर फार भिस्त ठेवत नाही.

उद्या दुपारी कॉर्नियाच्या सत्रात मी आहे. मी अतिशयोक्ती करतेय असं ज्यांना वाटतं त्यांनी जरूर यावं. येताना आपल्या शेवटच्या दहा चिठ्ठ्या घेऊन यावं. वाचून मी दाखवीन.