वगळलेली चाचणी उत्तीर्ण नसते



सॉफ्टवेअरमध्ये बदल केला की स्वयंचलित चाचण्या चालतात आणि सगळं ठीक असेल तर पडद्यावर हिरवी खूण येते. त्या हिरव्या खुणेआड काही चाचण्या न चालताच बसलेल्या असतात. मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

उदाहरणार्थ, एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टीम) घ्या. सन मायक्रोसिस्टिम्सने ते 1984 साली आणलं. फाइल असते दुसऱ्या यंत्रावर, पण वापरणाऱ्याला ती आपल्याच डिस्कवर दिसते. याची चाचणी घ्यायची तर सर्व्हर हवा आणि त्याच्यावरची डिरेक्टरी माउंट करायला, म्हणजे आपल्या यंत्राला जोडायला, बहुधा रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार हवेत. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर सहसा यातलं काही नसतं, म्हणून चाचणी ‘स्किप’ होते, म्हणजे वगळली जाते. भोवतालचा कोड बदलत जातो, चाचणी मात्र होती तिथेच राहते. मग कधीतरी कुणी सर्व्हर उभा करून ती चालवतं आणि पडदा लाल होतो.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. चाचणी फाइल उघडते, उघडी असतानाच पुसते आणि शेवटी डिरेक्टरी काढायला जाते. स्थानिक डिस्कवर काही अडत नाही. युनिक्समध्ये नाव पुसलं तरी उघडी फाइल बंद होईपर्यंत टिकते. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत मात्र कुणी फाइल उघडली आहे हे सर्व्हरला ठाऊकच नसे. म्हणून लिनक्सचा क्लायंट, म्हणजे फाइल मागणारी बाजू, तिला त्याच डिरेक्टरीत एक लपलेलं नाव देतो आणि बंद झाल्यावरच पुसतो. याला ‘सिली रीनेम’ म्हणतात. चाचणीला उत्तर मिळतं: डिरेक्टरी रिकामी नाही!

एनएफएस इथे ठरल्याप्रमाणेच वागलं. फाइल उघडी कुणी ठेवली, हे शोधायला हवं. चाचणीने ठेवली असेल तर चाचणी सुधारा. आपल्या प्रोग्रामने ठेवली असेल, तर खरा दोष हाती लागला आहे. अशा वेळी ‘डिरेक्टरी निघाली नाही तरी चालेल’ अशी ओळ घालणं मला अक्षम्य वाटतं.

तसाच मोह कॅशेबाबत होतो. लिनक्सचा क्लायंट फाइलची माहिती साधारण 3 ते 60 सेकंद जपून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्या यंत्रावरचा बदल उशिरा दिसू शकतो. लोक चाचणीत ‘स्लीप’, म्हणजे थोडा वेळ थांबण्याची आज्ञा, घालतात किंवा कॅशे बंद करून माउंट करतात. पण ग्राहकाकडे कॅशे चालू असते. एनएफएसचं वचन एवढंच आहे, की लिहिणाऱ्याने फाइल बंद केल्यावर जो ती उघडेल त्याला नवा मजकूर दिसेल. चाचणी या वचनाची घ्यावी.

यासाठी दोन आभासी यंत्रं पुरतात. एकावर सर्व्हर, दुसऱ्यावर क्लायंट, आणि रोज रात्री एक फेरी. तिथे माउंट सापडलं नाही तर निकाल ‘स्किप’ नव्हे, ‘नापास’ आला पाहिजे.

आपल्यापैकी जे या व्यवसायात आहेत, त्यांनी उद्या अहवालातली वगळलेल्यांची यादी उघडावी आणि तिच्यातली एक तरी चाचणी चालवून पाहावी, ही विनंती.