विद्वान, वाद आणि चहाचा पेला



समाजशास्त्राच्या अध्यापकाकडून लोकांच्या दोन अपेक्षा असतात. गांवांत एखादा वाद पेटला म्हणजे त्यानें चटकन् निवाडा द्यावा, ही पहिली; आणि वाद शमला म्हणजे मुकाट्यानें आपल्या वर्गांत परत जावें, ही दुसरी. परंतु ह्या दोहोंहून निराळें असें एक काम त्याच्याकडे असतें. सभांतून आणि वर्तमानपत्रांतून वाद चालू असतां घराघरांत माणसें प्रत्यक्ष वागतात कशीं, हें पाहणें आणि जसें दिसलें तसें सांगणें, हें तें काम होय. त्याविषयीं आज चार शब्द बोलावे, असें मीं योजिलें आहे. आणि उदाहरणें आपल्याच प्रांतांतलीं घेणार आहें.

पहिलें उदाहरण चहाचें. ४ ऑक्टोबर १८९० रोजीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एक समारंभ झाला. गोपाळराव जोशी ह्यांच्या खटपटीनें शहरांतील बरीच प्रतिष्ठित मंडळी तेथें जमली होती. भाषणें आटोपल्यावर चहा-बिस्किटें पुढें आलीं. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. पुढें हजर असलेल्यांचीं नांवें 'पुणें-वैभव' पत्रांत छापून आलीं आणि त्या पेल्यावरून सारें पुणें ढवळून निघालें. माधवराव रानडे आणि बळवंतराव टिळक हे दोघेहि त्या मंडळींत होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें आणि रीतसर चौकशी झाली. टिळकांनीं काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें, तेव्हां त्यांच्याच पक्षाच्या लोकांनीं त्यांना दोष दिला.

ग्रामण्य म्हणजे काय, हें आजच्या पिढीस मुद्दाम सांगावें लागेल. श्राद्धाला ब्राह्मण मिळत नसे, पंक्तीला कोणी बसत नसे, लेकीला सणासाठीं माहेरीं धाडावयास व्याही कचरत असत. वाद पुरुषांच्या सभांतून चाले. त्याची झळ माजघराला लागे. रमाबाई रानडे ह्यांनीं आपल्या आठवणींत ही हकीकत दिली आहे, ती त्या दृष्टीनें वाचण्यासारखी आहे.

आतां समाजशास्त्रज्ञाचा प्रश्न असा, कीं ज्या पेयावरून एवढें रणकंदन झालें, तें पुढें घरोघरीं शिरलें कसें? चहा रुळला, तो कोणा धर्मसभेच्या निर्णयानें नव्हे. आगगाडीचा लांबचा प्रवास आला, कचेरीची ठराविक वेळ आली, मुंबईंत नाक्यानाक्यावर इराण्याचीं दुकानें निघालीं. चहाच्या मळेवाल्यांनीं १९०३ सालापासून चहाच्या निर्यातीवर कर बसवून घेतला आणि त्या पैशांतून चहाचा पद्धतशीर प्रसार चालविला. तरीहि कित्येक वर्षें रेल्वेच्या फलाटावर 'हिंदु चहा' आणि 'मुसलमान चहा' अशा निरनिराळ्या आरोळ्या ऐकूं येत. म्हणजे पेय आलें आणि सोवळें त्याच्या मागोमाग फलाटावर येऊन उभें राहिलें. पुढें तेंहि हळूहळू सैल झालें, आणि तें नेमकें कोणत्या दिवशीं झालें, हें कोणालाच सांगतां येत नाहीं.

दुसरें उदाहरण त्याच सुमाराचें. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलींच्या संमतीचें वय १० वरून १२ वर आलें. ह्या वादांत दोन्ही बाजूंस विद्वत्तेची वाण नव्हती. रामकृष्णपंत भांडारकरांनीं विवाहाच्या वयाविषयीं धर्मग्रंथांचा आधार काढून कायद्यास पाठबळ दिलें. टिळकांनीं परकी सरकारनें आमच्या आचारांत हात घालूं नये, असें बजावून त्यांचा प्रतिवाद केला. भांडारकरांसारखा संशोधक लोकनिंदेची पर्वा न करतां मैदानांत उतरला, ही गोष्ट त्यांना भूषणावहच होती. परंतु सारा वाद वचनांच्या अर्थाभोंवतीं फिरत राहिला. ज्या मुलींचा प्रश्न होता, त्यांचा आवाज त्या गर्दींत क्वचितच उमटला. आणि शहरांत लग्नाचें वय पुढें जें वाढत गेलें, त्याला कायद्याइतकीच मुलींची शाळाहि कारण झाली. हुजूरपागेची शाळा १८८४ सालीं निघाली होती. मुलगी इयत्तेमागून इयत्ता चढूं लागली, तसा लग्नाचा विचार एकेक वर्षानें पुढें ढकलला जाऊं लागला. शारदा कायद्यानें १९२९ सालीं मुलींसाठीं १४ वर्षांची मर्यादा घातली, १९७८ सालीं ती १८ झाली. पण दप्तर घेऊन जाणारी मुलगी ह्या कायद्यांचें अर्धें काम आधींच करीत होती.

ह्याच हुजूरपागेंत शिकलेल्या एका विद्यार्थिनीनें पुढें आमच्या शास्त्राला नवी वाट दाखविली. त्या इरावतीबाई कर्वे. मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राची शाखा १९१९ सालीं निघाली आणि १९२४ पासून डॉ. गोविंदराव घुर्ये तिचे प्रमुख झाले. घुर्यांच्या हाताखालीं इरावतीबाईंनीं एम्. ए. केलें आणि १९३० सालीं बर्लिनची डॉक्टरेट मिळविली. ह्या गुरु-शिष्यांचा विशेष असा, कीं वचनांपेक्षां वस्तुस्थिति त्यांनीं अधिक प्रमाण मानली. नाक जितकें रुंद तितकी जात खालची, असा सिद्धांत रिस्ले नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें मांडला होता आणि शिकलेले लोक तो मान डोलावून ऐकत होते. घुर्यांनीं १९३२ सालच्या आपल्या ग्रंथांत तीं मापेंच पुन्हां तपासलीं. उत्तरेचा एक प्रदेश सोडल्यास तो मेळ बसत नाहीं, असें त्यांना आढळलें. इरावतीबाई तर पालखीबरोबर पंढरपुराला चालत गेल्या. दिंडींत सारे एकाच स्वरांत अभंग म्हणतात, परंतु मुक्कामावर चुली जातीजातीच्या निराळ्या पेटतात, हें त्यांनीं 'वाटचाल' ह्या लेखांत लिहून ठेवलें. भक्तीचा गौरव करूनहि निराळ्या चुलींवर पांघरूण घालावयाचें नाहीं, ही खरी विद्यापीठाची शिस्त होय.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, 'मग वाद कशाला घालावा? चहा जसा आपोआप रुळला, तसें सर्वच कांहीं कालांतरानें रुळेल.' हा समज फार सोईचा आहे आणि म्हणूनच धोक्याचा आहे. तिसरें उदाहरण पाण्याचें आहे. मुंबईच्या कायदेमंडळांत रावबहादुर बोले ह्यांनीं १९२३ सालीं ठराव संमत करून घेतला, कीं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस मोकळे असावे. १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनेंहि चवदार तळें मोकळें असल्याचा ठराव केला. कागदावर सर्व कांहीं यथास्थित होतें. तळ्यावर मात्र अस्पृश्यांची घागर भरत नव्हती. अन्य धर्मांच्या लोकांना तेथें मज्जाव नव्हता. अखेर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनीं तें पाणी प्राशन केलें. त्यांच्या अनुयायांस मारहाण झाली, तळें पंचगव्यानें शुद्ध करण्यांत आलें, नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला आणि प्रकरण न्यायालयांत गेलें. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची चाल अनादि आहे, असें वादींचें म्हणणें होतें. १९३७ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें ती चाल सिद्ध झाली नसल्याचा निर्णय दिला. घोटभर पाण्यासाठीं दहा वर्षें लागलीं!

चहा आणि पाणी ह्यांच्या कथेंतील हा फरक नीट ध्यानांत घ्यावयास हवा. चहा ज्यांना हवासा वाटला, त्यांच्याच हातीं निर्बंध सैल करण्याची सत्ता होती; म्हणून तो गुपचूप रुळला. पाणी ज्यांना हवें होतें, त्यांच्या हातीं सत्ता नव्हती. त्यांना तें चवाठ्यावर येऊन घ्यावें लागलें. ज्या वहिवाटीचा त्रास वरच्यांना होतो, ती काळ बदलतो. जिचा त्रास केवळ खालच्यांना होतो, तिच्यासाठीं कोणाला तरी वाद उभा करावा लागतो. म्हणून सार्वजनिक वाद हा निव्वळ गलबला आहे, असें समाजशास्त्रज्ञानें म्हणूं नये. आणि ठराव झाला म्हणजे काम झालें, असेंहि मानूं नये. महाडच्या तळ्याकांठीं हे दोन्ही धडे एकत्र मिळतात.

स्वतः आंबेडकर विद्यापीठांतूनच आलेले होते. १९१६ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत त्यांनीं जातिसंस्थेवर एक निबंध वाचला होता. जातीचें मर्म खाण्यापिण्याच्या निर्बंधांत नसून जातींतल्या जातींत लग्न करण्यांत आहे, असें त्यांनीं त्यांत दाखविलें. त्या वेळीं त्यांचें वय अवघें २५ वर्षांचें होतें. ह्या विवेचनाचा प्रत्यय आजहि येतो. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणांत जातीबाहेरील विवाहांचें प्रमाण शेंकडा ५ च्या आसपास आढळलें. शंभर वर्षांत उपाहारगृहांतील बांकें एक झालीं, नळ एक झाले, परंतु लग्नाचा मांडव बहुतेक जुन्याच जागीं उभा आहे.

आपण माझें हें भाषण बहुधा घरीं बसून ऐकत असाल, आणि शेजारीं चहाचा पेलाहि असेल. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत जातिभेदाच्या विरुद्ध बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचें बोलणें प्रामाणिकहि असतें. तरी अशा कित्येक घरांत कामाला येणाऱ्या बाईचा कप निराळा असतो. तो फडताळाच्या एका कोपऱ्यांत असतो, त्याचा कान बहुधा तुटलेला असतो, आणि त्याविषयीं घरांत कोणीं कधीं चर्चा केलेली नसते. कित्येक इमारतींत घरकाम करणाऱ्यांसाठीं लिफ्टहि वेगळी असते. ह्यावर सभा भरत नाहीं, कोणाचें नांव वर्तमानपत्रांत छापून येत नाहीं. पंचहौदाच्या चहावर एवढें वादळ उठलें, कारण पिणारे नामांकित होते. ह्या कपांतून पिणारीचें आडनांवहि पुष्कळदां घरांत ठाऊक नसतें.

असले कप मोजणारा शोधक विद्यापीठांतून आपल्या दारीं आला, तर त्याला आंत घ्यावें, आणि तो येईपर्यंत आपणच एकदां फडताळ उघडून पाहावें, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.