लेकराच्या पोटातली गाठ : आईला दोष नको, साथ हवी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही एका अवघड विषयावर दोन शब्द बोलणार आहोत. लेकराच्या पोटात गाठ निघाली की वस्तीत पहिलं बोट आईकडं जातं. "ग्रहणात बाहेर पडली असेल", "काहीबाही खाल्लं असेल". बंधूंनो, यात काडीचंही तथ्य नाही.

लहान मुलांच्या यकृताच्या कर्करोगाचा मुख्य प्रकार हिपॅटोब्लास्टोमा. तो दुर्मिळ असून बहुधा तीन वर्षांच्या आत दिसतो. पुष्कळ मुलांत कारण सापडतच नाही. मात्र दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, विशेषतः दीड किलोहून कमी वजनाच्या बाळांना धोका अधिक असतो. आईबापाच्या विडी-सिगारेटशीही त्याचा संबंध आढळला आहे.

मोठ्या मुलांतल्या दुसऱ्या प्रकाराचं एक मोठं कारण हिपॅटायटिस बी ही कावीळ. ती बाळंतपणात आईकडून बाळाला लागू शकते. तैवानने १९८४ पासून नवजात बालकांना लस दिली आणि तिथल्या मुलांतला हा कर्करोग घटला. आपल्याकडंही ही लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हवा.

आता आपल्या जिल्ह्याचं बघू. कळंब, भूम, परांड्याकडच्या कितीतरी लेकी पोटुशी असताना कोयता घेऊन फडावर जातात. उचल घेतलेली असते, थांबायचं कसं ? कोपीतच बाळंत झाली तर २४ तासांत लस टोचणार कोण ? मिश्रीचंही तसंच. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. मिश्री-तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामकरी स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतिणीची काळजी ही तिची एकटीची बाब नव्हे, हा त्यातला धडा आहे.

म्हणून आमची विनंती : पोटुशी लेक फडावर जाण्याआधी तिची काविळीची तपासणी करा, कार्ड सोबत द्या, बाळंतपण दवाखान्यातच करा. शक्य असेल तर तिला घरीच ठेवा, तिच्या वाटचा कोयता घरातल्या दुसऱ्यानं उचलावा. लेकराचं पोट फुगलं, गाठ हाताला लागली, तर देवऋषी नको, डॉक्टर गाठा. शस्त्रक्रिया आणि औषधांनी अशी पुष्कळ मुलं बरी होतात. वेळ तेवढा दवडू नका.

जय भीम !