फडताळातली चिनी बरणी



आज घरी गेल्यावर फडताळात बघा. लोणच्याची जुनी बरणी दिसेल. खाली पांढरी, वर तपकिरी. तिला आपण चिनी मातीची बरणी म्हणतो. बरणी आपल्याच देशात घडलेली. मग नाव चीनचं का?

लोणच्यात मीठ असतं, आंबट असतं. पितळेच्या भांड्यात ते कळकतं. साध्या मडक्यातून तेल पाझरतं. बरणीत मात्र लोणचं वर्षभर टिकतं. कारण तिच्या अंगावर काचेसारखा थर असतो. भट्टीच्या मोठ्या आचेवर असा थर चढवणं चीनच्या कुंभारांना तीन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होतं. पुढे त्यांनी पांढरी माती आणि दगडाची पूड मळून भांडी केली. भट्टीची आच जवळजवळ १,३०० अंश. पाणी १०० अंशाला उकळतं, त्यावरून समजा! भांडं पांढरंशुभ्र निघालं. टिचकी मारली की खणकन वाजू लागलं. युरोपला ही कृती १७०८ सालच्या सुमारास साधली.

त्याहून जुनी गोष्ट ऐका. आपल्या चुलीला तीन दगड लागतात ना? चीनच्या कुंभारांनी भांड्यालाच तीन पोकळ पाय केले. मध्ये जाळ घालायचा. पायांतलं पाणी लवकर तापायचं. वर भोकांचं दुसरं भांडं ठेवून वाफेवर धान्य शिजवायचं. नागपंचमीला आपण चाळणीवर दिंडं उकडतो, तीच युक्ती.

वस्तू आल्या, तशी माणसंही आली. अठराव्या शतकात आच्यू नावाचा चिनी गृहस्थ कलकत्त्याजवळ आला. इंग्रजांकडून जमीन घेऊन त्याने ऊस लावला, साखर काढली. आपल्या मुलखातली माणसं आणून वसवली. त्या गावाला आजही अछिपूर म्हणतात. मुंबईत माझगावलाही चिनी लोक राहिले. १९१९ साली बांधलेलं त्यांचं देऊळ तिथे आहे.

१९६२ साली चीनशी युद्ध झालं. सीमेवर आपले जवान पडले. लोकांना राग आला, तो साहजिक होता. पण तो राग भलत्यांवर निघाला. आसाम-बंगालकडची सुमारे ३,००० चिनी वंशाची माणसं धरून राजस्थानात देओलीच्या छावणीत ठेवली. त्यात म्हातारी होती, लेकरं होती. कित्येक जण इथेच जन्मलेले. काहींचे तिथे चार वर्षांहून अधिक दिवस गेले. त्यांचा गुन्हा काय? चेहरा आणि नाव!

आपल्यातलेही कितीतरी जण पोटासाठी परमुलखात जातात. तिथे आपणही परकेच असतो.

बरणीला आपण विचारत नाही, तू कुठली? ती लोणचं राखते ना, एवढंच बघतो. उद्या गावात परका माणूस कामाला आला, तर त्याच्याकडेही तसंच बघू या. आधी त्याला पाणी देऊ, मग गाव विचारू.