शेवटच्या गाडीपासून उलटं

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात ‘पायी भटकंतीची आखणी’ या विषयावर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला आहे तो ‘खेड्यापाड्यांतून पायी सुट्टी काढताना वाहतुकीची आखणी कशी करावी’ असा. कार्यवाहांनी फोनवर सांगितलं, “तू आयटीवाला, तुझ्याकडे एक्सेल शीट असेलच, तेवढं दाखव, वीस मिनिटं होतील.” शीट आहे. सात रकाने, रंगीत, सूत्रं घातलेली. पण ती आज दाखवणार नाही. का, ते पुढे कळेल.

मे २०२४ मध्ये आम्ही यॉर्कशर डेल्समध्ये चालायला गेलो. मी, सौ., तेरा वर्षांची लेक, आणि साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेले माझे बाबा. बाबा एकोणसत्तर वर्षांचे. एसटीत नोकरी केली, शेवटची पंधरा वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून. म्हणजे स्टँडवरच्या त्या खिडकीत बसून “कोरेगाव गाडी कधी लागणार?” या प्रश्नाला दिवसातून दोनशे वेळा उत्तर देणारा माणूस. गुडघे दुखतात, मधुमेह आहे. रोज तीन-चार मैल चालतील, बारा मैल नाही. तेव्हा प्रश्न असा होता की आम्ही तिघांनी पायी जायचं, बाबांनी बसने पुढच्या गावी जायचं आणि संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र जेवायचं.

वाट निवडली ती डेल्स वे. लीड्सजवळच्या इल्कलीपासून लेक डिस्ट्रिक्टमधल्या बोनेस-ऑन-विंडरमियरपर्यंत, सुमारे ऐंशी मैल. आम्ही त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग घेतला, डेंट गावापर्यंत. ही वाट नवख्यांना चांगली, कारण बरीचशी नदीकाठाने जाते आणि सुरुवातीला इल्कलीला लीड्सहून अर्ध्या तासात ट्रेन पोचते. गाडी घेऊन जाण्याचा प्रश्नच नाही. सरळ रेषेतल्या वाटेवर मोटार म्हणजे गळ्यातलं लोढणं, कारण तुम्ही पुढे जाता आणि ती मागे राहते. न्यायचीच असेल तर एक युक्ती सांगतो: ज्या गावी चाल संपणार तिथे सकाळी गाडी लावा, बसने मागे जा आणि मग गाडीच्या दिशेने चालत या. संध्याकाळी दमून बसची वाट बघण्यापेक्षा सकाळी ताजेतवाने असताना बघितलेली बरी. बहुतेक लोक नेमकं उलट करतात आणि शेवटचा मैल धावत संपवतात.

सामानाचं सोपं आहे. एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर बॅगा पोचवणारे लोक या वाटांवर असतात. बॅग सकाळी दारात ठेवायची, संध्याकाळी पुढच्या गावी मिळते. माणसाचं तसं नाही.

आता थोडं इथल्या बसबद्दल, कारण मला ते आधी माहीत नव्हतं आणि बाबांनी दोन दिवसांत शोधून काढलं. ऑक्टोबर १९८६ पासून लंडन सोडून बाकी ब्रिटनमध्ये बसव्यवस्था खुली झाली. ज्या मार्गावर नफा आहे तो खासगी कंपनी चालवते, जिथे नाही तिथे कौन्सिलने पैसे मोजले तर बस, नाहीतर नाही. पण लांबच्या शाळकरी मुलांना शाळेत पोचवणं हे मात्र कौन्सिलला कायद्याने टाळता येत नाही. त्यामुळे डोंगरातल्या कित्येक गावांत सकाळची पहिली बस मुळात शाळेसाठीच असते, आपण तिच्यात पाहुणे. बाबा म्हणाले, “आपल्याकडे वेगळं काय आहे? मुक्कामाची गाडी सकाळी सहाला गावातून निघते ती कोणासाठी? पासवाल्या पोरांसाठी.” वरच्या गावांत रेल्वे मुळातच कमी, आणि जिथे होती तिथलीही गेली. ग्रासिंग्टनची प्रवासी गाडी १९३० मध्येच बंद झाली. १९६३ च्या बीचिंग अहवालाने पुढे देशभरची दोन हजारांवर स्टेशनं बंद करायला सांगितली, ते तुम्हांला माहीत असेल.

तर आखणी. मी दोन आठवडे संध्याकाळी बसून शीट केली. शनिवारी इल्कली ते बोल्टन ॲबी, सहा मैल. रविवारी ग्रासिंग्टन. सोमवारी केटलवेलवरून बकडेन. मंगळवारी डोंगर ओलांडून रिबलहेड, पंधरा-सोळा मैल, हा सगळ्यांत लांब टप्पा. बुधवारी डेंट. गुरुवारी डेंट स्टेशनवरून घरी.

शनिवार-रविवार-सोमवार दृष्ट लागावी असे गेले. सोमवारी बँक हॉलिडे होता, आणि रविवारी व सुट्टीच्या दिवशी ‘डेल्सबस’च्या गाड्या धावतात. ना-नफा तत्त्वावर चालणारी, स्वयंसेवकांच्या बळावर टिकलेली ही व्यवस्था आहे. म्हणजे इथे गंमत अशी की काही खोऱ्यांत रविवारी जितक्या बसेस मिळतात तितक्या मंगळवारी मिळत नाहीत. भाडं त्या वर्षी कुठेही जा, एकेरी २ पौंड इतकंच होतं. जानेवारी २०२५ पासून ती मर्यादा ३ पौंडांवर गेली. बाबांना हे फार आवडलं. ड्रायव्हरच तिकीट देतो हे मात्र आवडलं नाही. “कंडक्टर नाही म्हणजे गाडी अर्धी,” असं ते लेकीला समजावत होते.

सोमवारी रात्री बकडेनला जेवण झाल्यावर बाबा चष्मा लावून वेळापत्रकाची छापील पुस्तिका वाचत होते. मी फोनवर शीट बघत होतो. मंगळवारचा त्यांचा प्रवास असा होता: सकाळी आठच्या सुमाराला बकडेनहून बस, ग्रासिंग्टनमार्गे स्किप्टन, तिथून कार्लाइलकडे जाणारी ट्रेन पकडून रिबलहेड. दुपारी एकपर्यंत पोचून फलाटावरच्या बाकावर बसून त्यांनी तो प्रसिद्ध पूल बघायचा, आम्ही पाचपर्यंत चालत येणार. म्हणजे आम्ही सोळा मैल सरळ, त्यांनी कोंबडीच्या पायासारखा वळसा.

बाबा म्हणाले, “अरे, या आठच्या गाडीच्या डोक्यावर एक बारीक अक्षर आहे. खाली बघ जरा काय आहे ते.”

मी म्हटलं, “अहो बाबा, सगळं टाकलंय मी शीटमध्ये. तुम्ही झोपा आता.”

एवढंच. आवाज चढवला नव्हता. पण सौ.ने माझ्याकडे बघितलं, आणि बाबांनी पुस्तिका मिटली.

ते बारीक अक्षर म्हणजे ‘फक्त शाळेच्या दिवशी’. आणि मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारच्या बँक हॉलिडेचा आठवडा म्हणजे शाळांची हाफ टर्म! माझी स्वतःची मुलगी शाळेला सुट्टी म्हणून माझ्याबरोबर चालत होती, तरी हे माझ्या डोक्यात आलं नाही. प्रोग्रॅम लिहिताना सुट्ट्यांचं कॅलेंडर विसरला म्हणून मी ज्युनिअर पोरांना झापलेलं आहे.

मंगळवारी साडेसातला आम्ही निघालो. बाबा हात हलवत दारात उभे. ही चाल मात्र काय सांगू! हबरहोमचं छोटं चर्च लागतं, लेखक जे. बी. प्रीस्टलींच्या अस्थी तिथे आहेत. मग खोरं अरुंद होत जातं, वस्ती संपते आणि तुम्ही कॅम फेलच्या उघड्या माळावर येता. तिथे जलविभाजक आहे. मागचं पाणी व्हार्फ नदीतून उत्तर समुद्राला जातं, पुढचं आयरिश समुद्राला. महाबळेश्वरला कृष्णा एका अंगाला आणि सावित्री दुसऱ्या, तसंच. मी हे लेकीला मोठ्या उत्साहाने सांगत होतो. जेवायला बसलो, सॅक उघडली, आणि त्यात बाबांचा डबा. सकाळच्या घाईत तो माझ्याच सॅकमध्ये राहिला होता. गोळ्या त्यांच्या खिशात होत्या, पण गोळी घेऊन खाल्लं नाही तर काय होतं ते मधुमेह्यांच्या घरात सगळ्यांना माहीत असतं. सौ. म्हणाली, “स्किप्टनला काहीतरी घेतील ते.” फोनला रेंज नाही. त्या माळावर रेंज नसतेच. मग पुढचे सहा मैल मी कोणाशी फारसं बोललो नाही.

पावणेपाचला रिबलहेडच्या फलाटावर पोचलो. बाक रिकामा.

दुसऱ्या फलाटावर बघितलं. स्टेशनच्या इमारतीत बघितलं. समोर तो चोवीस कमानींचा, चारशे मीटर लांबीचा पूल, दीडशे वर्षांपूर्वी शेकडो मजुरांनी चिखलात राहून बांधलेला. सगळं जग त्याचे फोटो काढायला येतं, आणि मला त्या कमानींखालच्या दलदलीत पांढरी टोपी दिसते का एवढंच बघायचं होतं. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, इंग्रजी कामापुरतं, खिशात वीसेक पौंड, सकाळपासून पोटात काय आहे माहीत नाही. मी शीट उघडली. त्यात बाबांच्या नावासमोर १२.५० ला हिरवा रंग होता.

अर्ध्या तासाने सौ. मुक्कामाच्या ठिकाणी विचारायला गेली. ते स्टेशनला लागूनच होतं. ती धावतच परत आली, हातात चिठ्ठी. मालकिणीने सकाळी नऊ वाजता फोनवरून लिहून घेतलेली. तिच्या इंग्रजीचं मराठी असं होईल: ‘आठची बस नाही. दुपारच्या बसने निघतो. संध्याकाळच्या ट्रेनने रिबलहेड. जेवण झाले. काळजी नसावी.’

बाबांनी पुढच्या डेपोला कळवलं होतं! गाडी रद्द झाली की कंट्रोलर पहिलं काम तेच करतो. शीट माझ्या फोनमध्ये होती, पण प्रत्येक मुक्कामाचा फोन नंबर त्यांनी आपल्या खिशातल्या डायरीत हाताने उतरवून घेतला होता. स्टॉपवर पंचवीस मिनिटं थांबले, गाडी येत नाही म्हटल्यावर घराकडे परत आले आणि बकडेनच्या बाईंना नंबर दाखवून फोन लावायला लावला. त्या माउलीने दुपारपर्यंत बसवून घेतलं आणि अंडी-टोस्ट खायला घातलं.

सहाच्या सुमारास गाडी आली. बाबा उतरले, पहिल्यांदा घड्याळात बघितलं, मग डायरीत काहीतरी लिहिलं आणि मग आमच्याकडे बघितलं. मी “सॉरी बाबा” म्हणालो. ते म्हणाले, “मी पंधरा वर्षं काचेच्या आतून ‘येईल, येईल’ म्हणून सांगत होतो. बाहेर उभं राहून कसं वाटतं ते आज कळलं. डबा आण इकडे.”

रात्री त्यांनी पुढच्या दोन दिवसांची आखणी पुन्हा केली. त्यांची पद्धत सांगतो, कारण आजच्या भाषणात उपयोगाचं हेच आहे. आधी परतीची शेवटची गाडी लिहायची. मग तिच्या आधीची, कारण बेत आधीच्या गाडीचा करायचा, शेवटची ही राखीव. तिथून उलटं मोजत सकाळपर्यंत यायचं. प्रत्येक गाडीच्या डोक्यावरचं आणि तळातलं बारीक अक्षर मोठ्याने वाचायचं, आणि दुसऱ्या कोणीतरी ते ऐकायचं. उन्हाळी वेळापत्रक कधी संपतं ती तारीख बघायची. आणि ज्या गावात जायचं तिथल्या माणसाला विचारायचं, “उद्या गाडी आहे ना?” इंटरनेटवर माहिती चांगली मिळते, मीही वापरतो, पण या शेवटच्या प्रश्नाला पर्याय नाही. टॅक्सीचंही तसंच: खेड्यातली टॅक्सी एकच असते, आणि शाळा चालू असताना सकाळी व दुपारी तीनच्या सुमाराला ती पोरं सोडण्यात अडकलेली असते. आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं.

डेंटला याची गरज पडलीच. डेंट स्टेशन डेंट गावात नाही! गावापासून चार मैलांहून लांब आणि सहाएकशे फूट वर, इंग्लंडच्या मुख्य रेल्वेजाळ्यातलं हे सर्वांत उंच स्टेशन, ११५० फुटांवर. तिथला एक जुना विनोद सांगतात: स्टेशन गावापासून इतकं लांब का बांधलं? तर रुळांच्या जवळ असावं म्हणून. बाबांना तो इतका आवडला की साताऱ्यात फोन करून दोघांना सांगितला.

हा मार्गही जाता जाता वाचलेला आहे. १९७० मध्ये या लायनीवरची बहुतेक लहान स्टेशनं बंद झाली. ऐंशीच्या दशकात सगळी लाइनच मोडीत काढायचं ठरत होतं. बावीस हजारांवर लोकांनी हरकती नोंदवल्या, त्यात रस्सप नावाच्या एका कुत्र्याचा पंजाही होता, कारण त्याचं तिकीट लागत होतं, म्हणजे तोही प्रवासी. एप्रिल १९८९ मध्ये लाइन राहणार असं जाहीर झालं. पुढच्या जानेवारीत त्याचा मालक वेल्सच्या डोंगरात चालताना वारला, आणि कुत्रा अकरा आठवडे थंडीत त्याच्याजवळ बसून होता. गार्सडेल स्टेशनवर त्याचा पुतळा आहे. लेकीने ही गोष्ट वाचून दाखवली तेव्हा बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते.

गुरुवारी टॅक्सी ट्रेनच्या तासभर आधी बोलावली होती. मला ते जास्त वाटलं, पण मी काही बोललो नाही. त्या चढावर पुढे मेंढ्या आल्या आणि वीस मिनिटं गेली. गाडी दोन मिनिटं उशिरा आली. बाबांनी लिहून घेतलं.

ते जुलैमध्ये परत गेले. ती वेळापत्रकाची पुस्तिका बॅगेत घालून नेली, इथे कोणाच्या कामाची नाही म्हणून. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात त्यांचा फोन आला. तब्येत, पाऊस, लेकीचा अभ्यास सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, “आणि काय रे, ती बकडेनची आठची सुरू झाली असेल ना आता?”